बिनफिनची फळी

फिन लावा म्हणे! माह्या फळीले, अन् फिन!

थांबा, आधी मी कोण ते सांगते, नाई तर तुमी म्हणसान ही बाई सकाळी सकाळी कोणावर तणतणून राह्यली. मी समीना. डोणगावात रोडले लागून आमचं कूलरचं दुकान आहे. फायबरच्या कूलरबॉड्या आमी विकत आणत नाई, स्वतः बनवतो. साचा, काचेच्या धाग्यांची मॅट, ती चिकटवाचं रेझिन, सगळं माह्या हातचं. आमचे वहाबमिया मोटर-पंपाचं पाहतात अन् गिऱ्हाइकाशी गोड बोलतात. ते काम मले जमत नाई, मले लवकर राग येते. घरात आमी हिंदीत भांडतो अन् मराठीत समझोता करतो.

आता फळीचं. समुद्राच्या लाटेवर पोरं-पोरी उभे राहून जातात, ती फळी. सर्फबोर्ड. तिच्या बुडाले, शेपटीकडं, एक-दोन-तीन उभे पाते लावलेले असतात, त्याले फिन म्हणतात. फिन पाण्यात रुतते म्हणून फळी सरळ जाते, घसरत नाई. आमच्या फळीले ते पातं नाई. पयल्या दिवसापासून नाई. अन् कोकणातून आलेला रवी नावाचा माणूस म्हणे, फिन लावा, मंगच तुमची भार्गवी आमच्या संघात.

भार्गवी आमच्या हायस्कूलच्या मास्तराची पोरगी. बी.एस्सी.च्या शेवटल्या वर्षाले, मेहकरले जाणं-येणं करते. तिले समुद्र पायजे होता. पाहाले नाई, लाटेवर उभं राहाले. बुलढाणा जिल्ह्यात जन्मून हे डोहाळे! पण पोरगी अशी, का एकदा मनात घेतलं का खाणंपिणं सोडून त्याच्याच मागं.

याले सुरुवात कूलरच्या झाकणापासून झाली. आमच्या गावाबाहेरून कॅनल जाते. एका जागी तो पायरीसारखा खाली उतरते. पाणी सोडलेलं असलं का तिथं जोरात खाली येते, खालच्या पाण्यावर आपटते अन् उलटं वर उठते. पाणी पुढं निघून जाते, पण लाट तिथंच्या तिथं उभी. हिवाळ्यात जुने कूलर आमच्याकडं दुरुस्तीले येतात, ते धुवाले मी तिथं जाते. त्या दिवशी मंगल कार्यालयाच्या मोठ्या कूलरचं झाकण घासून राह्यली होती, अन् हातातून सुटलं. मी तोंड भरून शिव्या दिल्या. म्हतलं, गेलं आता खालच्या गावाले. पण झाकण गेलंच नाई! त्या उभ्या लाटेवर जाऊन बसलं अन् तिथंच नाचत राह्यलं. डावीकडं सरके, उजवीकडं सरके, स्वतःभोवती फिरे, पण खाली जायेना.

भार्गवी काठावर पुस्तक घेऊन बसली होती. मी झाकणाकडं पाहते तर ही चप्पल काढून पाण्यात! झाकणावर पोटावर पडली. लाटेनं दोघांलेही उचलून फेकलं. वर आली, नाकातोंडात पाणी, अन् हसून राह्यली.

"चाची, हे थांबते काऊन? वाहून काऊन जात नाई?"

"मले काय माहीत? बाहेर निघ आधी! तुह्या बापाले काय सांगू मी?"

दुसऱ्या दिवशी पोरगी दुकानात हजर. झाकण उलटं-पालटं करून पाहे. म्हणे, याची कड खाली वळलेली आहे म्हणून ते पाणी धरते, अन् बूड सपाट आहे म्हणून घसरते. मले अशीच पण लांब फळी बनवून द्या. मी म्हतलं, मले धंदा नाई का? पण खरं सांगू, ते झाकण रातभर माह्या डोळ्यापुढून हाललं नव्हतं. आजवर मी जे बनवलं ते सगळं भिंतीले लावून ठेवाचं. लाटेवर नाचणारं काही माह्या हातून निघालं, हे मले लय आवडलं होतं.

पयली फळी मी थर्माकोलची केली. डेकोरेशनवाल्याकडून मोठं थर्माकोल आणलं, तासलं, अन् वरून आमचं नेहमीचं रेझिन ओतलं. थर्माकोल चर्र करून खालीच बसलं! मधात हा खड्डा. आमचं रेझिन थर्माकोलले खाऊन टाकते. वहाबमिया दारात उभे होते. म्हणे, "मी सांगतलं होतं." मी म्हतलं, "तुमी सगळंच सांगता, त्याच्यातलं कोणतं ऐकाचं तेच समजत नाई."

मंग काय कराव? थर्माकोल अन् रेझिनच्या मधात काही तरी पायजे. मले माही माय आठवली. आमच्या इकडं बाया रद्दी कागद भिजत घालतात, कुटतात, त्याच्यात मेथीदाणे वाटून टाकतात. तो लगदा उपड्या घमेल्यावर थापला का वाळून टोपलं तयार. ज्वारी भरा, कीड लागत नाई. म्हतलं, घमेल्यावर थापते तर थर्माकोलवर काऊन नाई थापत? घरात रद्दीचा एक कागद ठेवला नाई मी. आमचे मिया सकाळी पेपर वाचाले मागे, तर पेपर टबात भिजत पडलेला. मेथीचा वास पार दुकानात. गिऱ्हाईक विचारे, कूलरचं दुकान का लाडवाचं?

लगद्याचा थर वाळला, त्याच्यावर मॅट, त्याच्यावर रेझिन. टिकलं! थर्माकोल आत शाबूत. पण फळी पाण्यात नेली तर लाटेवर उभीच राहेना. पोरगी उभी झाली का फळी एकीकडं अन् ती दुसरीकडं. सरळ तोंडावर. तिचं कोपर फुटलं. मी म्हतलं, बस झालं, उद्यापासून तू अभ्यास कर अन् मी कूलर करते. तिनं फुटलेल्या कोपराले ओढणी गुंडाळली, माहीच ओढणी, अन् म्हणे, "दुसरी कधी करता?"

दुसरी करतानी भलतीच घाई झाली. लगदा थापतानी बाया चार बोटांनी लांब ओढतात, मंग ओल्या तळहातानं गुळगुळीत करतात. मी वरची बाजू गुळगुळीत केली. बुडाची करासाठी बसली तर कॅनलचं पाणी सोडणारा पाटकरी भागवत सांगाले आला, पाणी सुटलं, पण लवकर बंद होईन. मी म्हतलं, मरू दे ते बूड, कोण पाहते! तशीच वाळवली, तसंच रेझिन मारलं. माह्या बोटांच्या लांब लांब नाल्या बुडाले तशाच राह्यल्या.

अन् तीच फळी चालली. भागवत आधी आमाले हाकलाले ये, आता तोच कॅनलच्या पुलावरून दोर धरून उभा. भार्गवी दोर धरून उभी राह्यली, दोर सोडला, अन् पडली नाई. फळी सरके, पण सुटे नाई. पाणी त्या नाल्यांतून जाये अन् फळी लाटेले धरून राहे. पोरगी तिथूनच बोंबलली, "चाची, हे तुमच्या बोटांनं झालं! तुमच्या बोटांनं!"

मी काठावर एकटी हसून राह्यली होती. खोटं कायले बोलू, रडली पण.

मंग आमी डोक्यानं काम केलं. कडेच्या नाल्या खोल, मधातल्या उथळ. शेपटीकडं कड झाकणासारखी जराशी खाली वळवलेली. नाक वर उचललेलं, नाई तर ते पाण्यात घुसे. कोणती फळी मोडली, कोणती पाणी पिऊन जड झाली, कोणती उन्हात फुगली. एक मी रागारागात रोडवर आपटली. भार्गवी मापं सांगे, मी ते मोडून माह्या मनानं करे, अन् आमी भांडो. पण शेवटी जी फळी निघाली, ती काय सांगू! पोरगी तिच्यावर उभ्या उभ्या गरकन फिरे. लाटेले पाठ दाखवे, परत तोंड दाखवे. फिन असती तर हे झालंच नसतं, फिन फिरू देत नाई. अन् आमच्या कॅनलात खाली सिमेंट, पातं असतं तर पयल्याच दिवशी तुटलं असतं.

पुलावरून कोणी तरी मोबाईलवर घेतलेला तिचा व्हिडिओ फिरत फिरत कोकणात गेला. अन् हा रवी आला. माणूस वाईट नाई हो. समुद्रावर पोरापोरींचा संघ चालवते, नीट बोलते, चहा घेतला तर कप स्वतः विसळून ठेवला. त्यानं कॅनलवर फळी उलटी केली, बुडावरून हात फिरवला.

"समीनाताई, हे काय आहे?"

"माही बोटं."

तो हसला. मंग म्हणे, "मेहनत दिसतेच आहे. पण अशी नाही चालणार. कॅनॉलची लाट जागेवर उभी असते, समुद्राची पुढे पळते. शेपूट सुटली तर ही मुलगी सरळ खडकावर जाईल. आमच्या संघात प्रत्येक फळीला फिन असतेच. या खाचा बुजवू, तीन भोकं पाडू. फिन मी बरोबर आणल्यात."

"मंग तुमची दुसरी फळी द्या तिले. माहीले कायले भोकं पाडता?"

"लोकांनी व्हिडिओत हीच पाहिली आहे. कागदाची, मेथीची फळी. त्यांना हीच बघायची आहे. फक्त नियमात बसवून. भार्गवी, तू होकार दे, उद्याच माझ्याबरोबर निघ."

माही तळपायाची आग मस्तकात गेली. म्हतलं, "वा रे वा! म्हणजे दिसाले माही पायजे, अन् चालाले तुमची? अशी कशी शेंडी लावता हो तुमी लोकाले?" अजून लय बोलली, ते इथं नाई सांगत. भागवतनं पुलावर तोंड फिरवून घेतलं.

वहाबमियानं मले बाजूले नेलं. समजूत काढाची असली का ते मराठीत बोलतात.

"समीना, फळी तुही आहे. पण आयुष्य पोरीचं आहे. तिले पाठवाले तिचा बाप एकदा हो म्हणाला, दुसऱ्यांदा म्हणाचा नाई. तिले विचार, तिले काय पायजे."

मी भार्गवीकडं पाह्यलं. ती रवीनं आणलेल्या फिनच्या डब्याकडं पाहून राह्यली होती. मले वाटलं, झालं. पोरीले समुद्र पायजे अन् माह्या लाजेनं ती बोलत नाई. मी कोण तिच्या आडवं येणारी? माहं काय, मी दुसरी फळी करीन. असं मनाले समजावलं, पण मनाले ते पटलं नाई. रवीच्या गाडीतून बॅटरीवरचं ड्रिल मशीन आणलं ते मीच. रवीनं पेनानं खुणा केल्या. फळी बूड वर करून काठावर पडलेली. मी टोक खुणेवर ठेवलं. भोक पडलं का पाणी आत जाणार, लगदा फुगणार, आतून सडणार, हे मले माहीत होतं. तरी मशीन सुरू केलं.

भार्गवीनं खुणेवर हात ठेवला. ड्रिलच्या टोकापासून बोटभर अंतरावर, आख्खा तळहात.

"मशीन बंद करा, चाची."

"येडी झाली का? हात काढ! हात गेला असता ना बे!"

"आधी मशीन खाली ठेवा."

मी ठेवलं. ती रवीकडं वळली, अन् तोंडातून एक शब्द वाकडा नाई.

"सर, मले समुद्र पायजे, लय दिवसापासून पायजे. पण मले उभं राहाले कोणी शिकवलं नाई. ही फळी घसरे म्हणून मी घसरणं शिकली. आता तुमी म्हणता घसरू नको. मंग मी तिथं येऊन काय करू? तुमच्याकडं सरळ जाणारे लय असतीन. ही फळी येईन तर अशीच येईन, अन् मी येईन तर हिच्यासंगच येईन."

एवढं बोलून तिनं फळी उचलली अन् पाण्यात उतरली. दोरसुद्धा घेतला नाई. काय फिरली पोरगी त्या दिवशी! एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवी गेली, मधात गिरकी घेतली, उलट्या तोंडानं परत आली. रवी टाळ्या वाजवत होता, अन् मनापासून वाजवत होता, हे मी नाकारत नाई. ती बाहेर आली तेव्हा तो तिच्याजवळ गेला.

"सुंदर. खरंच सुंदर. पण निवड नाही करता येणार, भार्गवी. आणि एक सांगू? राग मानू नकोस. ही तुझी सवय आहे, डिझाईन नाही. डिझाईन म्हणजे जे दुसऱ्यालाही चालतं. या फळीवर तुझ्याशिवाय आजवर कोणी उभं राहिलंय का?"

खरंच, कोणी उभंच राह्यलं नव्हतं. भागवत दोर धरे, वहाबमिया चहा आणत, मी काठावरून ओरडे. उभी राहे ती एकटी भार्गवी. रवी फिनचा डबा घेऊन गाडीकडं चालू लागला. अन् इतका वेळ ताठ उभी असलेली माही पोरगी मटकन खाली बसली. ओल्या केसांनी, फळीवर डोकं टेकवून हमसून हमसून रडाले लागली. समुद्र गेला होता तिचा. तिनंच सोडला होता, माह्या बोटांसाठी सोडला होता, पण गेला होता ना.

मले ते सहन झालं नाई. त्याचा राग नाई आला, त्यानं खरं तेच विचारलं होतं. मले माहाच राग आला. इतक्या फळ्या घडवल्या, अन् आपुन कधी पाय ठेवला नाई! बाईमाणूस, कॅनलात, सगळ्यादेखत, लोक काय म्हणतीन, हेच ना? लोक मले तसंही काय चांगलं म्हणून राह्यले होते?

मी ओढणी कमरेले कसून बांधली.

"ऊठ. फळी दे."

"चाची?"

"पोहाले येते मले, माहेर नदीकाठचं आहे माहं. भागवत, दोर टाक बे! पाहतो काय?"

वहाबमिया धावत आले. "समीना, लोक पाहून राह्यले." खरंच पुलावर गर्दी जमली होती, शेतातून येणारे, मोटरसायकलवाले. मी म्हतलं, "पाहू द्या. पाहासाठीच चालली."

पाणी असं थंड, का श्वासच अडकला. पयल्या खेपेले गुडघ्यावर आली अन् धप्पकन पडली. नाकात पाणी, पुलावर हशा. दुसऱ्या खेपेले फळी पायाखालून निसटून माह्याच डोक्यात बसली. या अल्लाह, आपली वस्तू आपल्याले इतकी जोरात लागते हे मले माहीत नव्हतं. पुलावरून कोणी तरी म्हणे, ओ भाभी, घरी जा, भाकरी करा. मी पाण्यातूनच त्याले भाकरीचा पत्ता सांगतला. भार्गवीचं रडणं कुठल्या कुठं पळालं. काठावर वाकून ओरडून राह्यली होती, "चाची, खाली पाहू नका! गुडघे वाकवा! तिले घसरू द्या, तुमी अडवू नका तिले!"

अडवू नका तिले. मी अडवतच तर होती. जन्मभर सगळ्या गोष्टी जागेवर बसवल्या, हालू दिल्या नाई, अन् इथंही तेच करून राह्यली होती. पुढच्या खेपेले मी पाय सैल सोडले. दोर धरून उठली. फळी डावीकडं सरकली, मी सरकू दिली. उजवीकडं गेली, जाऊ दिली. पायाखाली माह्या बोटांच्या नाल्यांतून पाणी पळून राह्यलं होतं, खुदा की कसम, ते मले तळपायाले समजत होतं.

मी दोर सोडला.

पुलावरचा हशा बंद झाला. फळी हळूच वळली अन् मले गोल फिरवून काठाकडं तोंड करून उभं केलं. समोर वहाबमिया दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे. भार्गवी काठावर उड्या मारून राह्यली होती. तिच्या मागं, गाडीचं दार उघडं ठेवून, रवी उभा होता. गेला नव्हता अजून.

मी लाटेच्या आवाजाच्याही वर ओरडली, जितकी ताकद होती तितकी सगळी लावून ओरडली, "ओ सर! मोजा! आता दोघी झालो!"